खटका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कॉम्प्युटरबद्दल काहीतरी बोल. मी हो म्हणून टाकलं. पण काल जळगावहून पहूरला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांधायला काढलेली घरं बघत आले आणि विषय बदलला. आज मी सेंट्रिंगबद्दल बोलणार आहे. हसताय ते बरोबर आहे. आमचं घर तुम्हाला ठाऊक आहे. पेठेतल्या कुणालाही ‘सेंट्रिंगवाल्यांचं घर कुठं’ विचारलं की थेट अंगणात आणून सोडत. अंगणात बल्ल्यांचा ढीग, भिंतीला टेकून दोन बाय तीनच्या प्लेटा, आणि सगळ्यावर जळक्या ऑइलचा वास. माझ्या वह्यांनाही तो वास असायचा. भूमितीच्या सरांनी एकदा माझी वही दोन बोटांत धरून विचारलं होतं, ‘ही वही आहे का प्लेट?’ सर समोरच बसलेत. सर, ती वही अजून आहे, आणि वासही आहे.

माझा मोठा भाऊ याच शाळेत आमच्या दोन वर्षं पुढे होता. त्याने १९९४ साली दहावी केली, आणि त्याच उन्हाळ्यात अण्णांच्या कमरेने दगा दिला म्हणून तो कामावर उभा राहिला. मी १९९६ ला दहावी झाले, पुढे इंजिनिअर झाले. ती फी स्लॅबच्या पैशांतून गेली. त्याबद्दल तो कधी बोलत नाही, म्हणून मीही इथे फार बोलत नाही. तो मागच्या रांगेत, खांबाआड बसला आहे.

आता स्लॅब म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यापैकी बरेच जण स्लॅबखाली राहतात पण तो वर कसा राहिला याचा विचार करत नाहीत. दहा बाय दहाची खोली घ्या, पाच इंच जाडीचा स्लॅब. त्या ओल्या काँक्रीटचं वजन जवळपास तीन टन भरतं. स्लॅब भरायच्या दिवशी त्यात स्वतःची ताकद शून्य असते. नारळ फुटला, मिक्सर फिरला, घमेली वर गेली, संध्याकाळी मालकाने सगळ्यांना जेवण दिलं. त्या रात्री ते तीन टन नुसत्या टेक्यांवर उभे असतात. टेका थोडा तिरपा असला, खालची माती भुसभुशीत असली, तर सगळं खाली. भाऊ म्हणतो, अजिंठ्यावाले हुशार, त्यांनी डोंगर वरून खाली कोरत आणला, सेंट्रिंगची भानगडच ठेवली नाही.

पूर्वी टेके म्हणजे निलगिरीच्या बल्ल्या आणि खाली लाकडाच्या पाचरी. मग लोखंडी जॅक आले: एका नळीत दुसरी नळी, भोकातून खिळा, आणि आट्यांवर फिरणारी चकती. हा जॅक जगभर ज्या नावाने ओळखला जातो ते ‘अक्रो’ हे नाव विल्यम डी व्हिजिए या स्विस माणसाने १९३६ साली लंडनमध्ये काढलेल्या कंपनीचं. त्याच्या वकिलाचं नाव ए. क्रो होतं, त्यावरून ते पडलं असं सांगतात. पुढे अक्रो इंडिया म्हणून कंपनी झाली, तिच्या कागदांवर पत्ता होता आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा. चॉकलेटवाल्या रावळगावचा! मला हे कळलं तेव्हा मी भावाला रात्री साडेदहाला फोन केला होता.

उंच टेक्याची गंमत अशी की तो चिरडून मोडत नाही, मध्ये वाकून मोडतो. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने अठराव्या शतकातच हिशोब मांडून ठेवला: तोच टेका दुप्पट उंच केला तर वाकण्याआधी पेलायचं वजन चौथाईवर येतं. उलट मधोमध एक आडवी नळी पक्की जोडली तर ते चौपट होतं. अण्णांनी ऑयलरचं नाव ऐकलं नव्हतं, पण ‘मध्ये कंबरपट्टा बांध रे’ हे ते प्रत्येक साइटवर ओरडायचे.

खरी अडचण खोलण्याच्या वेळची आहे. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात २००० सालच्या आवृत्तीत सरळ तक्ता दिला आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके ७ दिवस काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. खालच्या प्लेटा मात्र ३ दिवसांनी काढता येतात, पण अट अशी की टेके लगोलग परत लावायचे. गावातल्या ठेकेदाराकडे प्लेटांचा एकच संच. दुसरा मालक तिकडे घाई करून राहतो. मग चौथ्या दिवशी सगळं खोलायचं आणि अंदाजाने टेके परत ठोकायचे. मधल्या त्या अर्ध्या तासात स्लॅब कशावर उभा असतो? देवावर.

यावर जगात उपाय जुना आहे. टेक्याला असं डोकं बसवायचं की त्याचा माथा थेट स्लॅबला भिडलेला राहील, आणि प्लेटा ज्या आडव्या सऱ्यांवर बसतात त्या सऱ्या माथ्याखालच्या एका सरकत्या बाहीवर असतील. बाही पाचरीने अडवलेली. पाचरीवर हातोडा मारला की बाही चार बोटं खाली येते, प्लेटा सुटतात, टेका जागचा हलत नाही. मोठमोठ्या कंपन्या ही डोकी आपापल्या जॅकसकट विकतात. सगळा संच घ्यायचा तर आमच्यासारख्याचं एक वर्षाचं उत्पन्न जाईल.

भावाने २०१६ मध्ये फॅब्रिकेशनच्या दुकानात बसून कुठल्याही जुन्या जॅकवर बसणारं डोकं बनवलं, आणि जॅकला वेल्डिंग न करता आडव्या नळ्या अडकवायच्या कड्या. सगळे भाग सुटे. तीन मीटर उंचीचं घर असो की साडेचार मीटरचा हॉल, त्याच तुकड्यांतून टेका जुळतो. पण ते त्याने बनवलं त्यामागे एक कारण होतं. २०१५ साली त्याच्याच साइटवर प्लेटा खोलताना एक चिकटलेली प्लेट एकदम सुटून आली आणि कामावरच्या एका पोराची दोन बोटं गेली. पोरगा एकोणीस वर्षांचा. भावाने दवाखान्याचा खर्च केला, पुढे त्याला कामावर ठेवलं, तो अजून आहे. पण भाऊ महिनाभर नीट जेवला नाही, असं वहिनी सांगते. म्हणून त्याच्या डोक्यात बाहीच्या आत, बाहेरून न दिसणारा, एक खटका आहे. लोखंडी पट्टीचा बोटभर तुकडा, एका खिळ्यावर झुलणारा. पाचर सुटून बाही इंचभर खाली आली की खटका आपल्या वजनानेच आडवा पडतो आणि तिला अडवतो. प्लेटा इंचभरच सुटतात. कुठली चिकटली, कुठली सैल झाली, ते खालून दिसतं. माणसं बाजूला होतात. मग लांब सळईने खटका वर ढकलायचा, की उरलेलं खाली.

२०१७ च्या दिवाळीला मी पुण्याहून घरी आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. आणि मी काय केलं? शिकलेली बहीण करते ते केलं. फोन काढला, भावाला हातोडा मारायला लावला आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. ‘आमच्या भावाने बघा काय बनवलंय!’ असं मीच पाठीमागून बोलते आहे. घाईत खटका पट्टीला बांधून ठेवला होता, कारण मला एका दणक्यात प्लेटा सुटलेल्या दाखवायच्या होत्या. दोन टप्प्यांत तितकी मजा येत नव्हती.

पेटंटचं सुचलं ते त्यानंतर सव्वा वर्षाने. ऑफिसात आमच्या एका प्रॉडक्टच्या पेटंटचं काम माझ्याकडे आलं होतं, थोडी भाषा कळायला लागली होती, आणि अंगात यायला तेवढं पुरतं. वकील नको, मीच लिहिते म्हणाले. माणूस स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करतो तेव्हा फी १६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीचे ४०००. अर्ज फेब्रुवारी २०१९ मध्ये गेला.

त्याआधी दोन महिने मी शोध घेत होते. सॉफ्टवेअरवालीला वाटतं शोध म्हणजे शब्द टाकायचा आणि बटण दाबायचं. इथे एकाच वस्तूला कुणी प्रॉप म्हणतो, कुणी शोअर, कुणी स्ट्रट, आणि जर्मन काय म्हणतो ते वेगळंच. शेवटी वर्गीकरणाचा आधार घ्यावा लागतो. जगभरच्या पेटंट कार्यालयांनी मिळून कप्पे पाडले आहेत. मचाण आणि साचे ई०४जी मध्ये, त्यातले टेके ई०४जी २५ मध्ये. तो कप्पा उघडला आणि मी चाटच पडले. शंभर वर्षांची माणसं तिथे टेके घेऊन उभी आहेत. विजेच्या दिव्यावाला एडिसनसुद्धा शेजारपाजारीच सापडला. लोखंडी साच्यांत अख्खं घर एका दमात ओतायचं, असा अर्ज त्याने १९०८ साली केला होता आणि पेटंट हातात पडलं १९१७ साली. आम्हाला चार वर्षं लागली तेव्हा मी भावाला हेच सांगून गप्प केलं.

अर्जाचा जीव असतो त्याच्या दाव्यांत. मी भावाला ते माझ्या भाषेत समजावलं. दावा म्हणजे प्रोग्राममधली अट. ‘टेका असेल, आणि सरकती बाही असेल, आणि पाचर असेल, तर ते माझं.’ जितके ‘आणि’ जास्त, तितकं कुंपण लहान. म्हणून हावरटासारखा पहिला दावा मोठा लिहायचा आणि पुढचे दावे एकेक ‘आणि’ जोडत लहान लहान करत न्यायचे. मोठं कुंपण पडलं तर आतलं लहान उभं राहतं.

भाऊ शेजारी बसून ऐकत होता. म्हणाला, ‘त्या खटक्याचं लिहिलं का?’

मी म्हटलं, ‘भाऊ, तो नुसता अडसर आहे. मुख्य वस्तू वेगळी आहे.’

‘मुख्य तोच आहे. चित्रासकट लिही.’

लिहिलं, कुरकुरत. एक आकृती, एक परिच्छेद, एक दावा. आता झाले अकरा दावे. १६०० रुपयांत दहा बसतात, पुढच्या प्रत्येकाला ३२० रुपये. मी म्हटलं, हा अकरावा काढून टाकू का? तर त्याने खिशातून पाचशेची नोट काढून लॅपटॉपवर ठेवली. ‘वरचे तू चहाला ठेव.’

अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झाला, आणि २०२१ मध्ये पहिला परीक्षण अहवाल आला. उत्तराला सहा महिने. परीक्षक म्हणजे खुर्चीत बसून शिक्का मारणारा बाबू अशी माझी कल्पना होती. तसं नव्हतं. त्या माणसाने आमचा अर्ज माझ्यापेक्षा नीट वाचला होता. त्याला कायद्याने विचारायचे प्रश्न तीनच: हे नवीन आहे का, या कामातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं नाही ना, आणि कारखान्यात बनवता-वापरता येतं का. शिवाय १९७० च्या पेटंट कायद्यातलं तिसरं कलम, ज्यात काय काय शोध मानायचं नाही याची यादी आहे. त्यातलं (एफ) पोटकलम आमच्यासाठीच लिहिल्यासारखं होतं: माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपलं आपलं जुनंच काम करत राहिली, तर तो शोध नव्हे. सुटे भाग जोडून बनवलेल्या सगळ्याच टेक्यांवर हा आक्षेप पहिल्यांदा येतो. कडी कडीचं काम करते, पाचर पाचरीचं. तुम्ही नवीन काय केलं?

त्याने पुढे ठेवलेला पहिला पुरावा होता खाली सरकणाऱ्या डोक्याचं एक परदेशी पेटंट. दुसरा, पाचरीने अडकणाऱ्या कड्यांचं. ते मला अपेक्षित होते. त्यांची उत्तरं मी मनात तयार ठेवली होती. तिसऱ्या ओळीत यूट्यूबचा पत्ता होता.

मी तो उघडला. ‘आमच्या भावाने बघा काय बनवलंय!’

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रात्री एक वाजता माझाच आवाज माझ्या विरुद्ध साक्ष देत होता. आपल्या कायद्यात अर्जाच्या तारखेआधी वस्तू जगाला दाखवली की ती जुनी झाली. मग दाखवणारा स्वतः शोधकर्ता असला तरी. बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला आणि तसल्या दोन-तीन गोष्टींना. बहिणीच्या कौतुकाला नाही. आणि बारा महिनेही उलटून गेले होतेच. पहिला दावा गेला. दुसरा, तिसरा, एकामागून एक, जे जे व्हिडिओत दिसत होतं ते सगळं गेलं.

भावाला सांगायला दोन दिवस लावले. तो म्हणाला, ‘म्हणजे आपणच आपली चोरी केली?’ आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. मला रागावला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन: ‘व्हिडिओत खटका दिसतो का गं?’

दिसत नव्हता. बाहीच्या आत होता, आणि शिवाय मीच तो बांधून ठेवलेला. शंभरदा थांबवून थांबवून बघितलं. आणि अर्जात मात्र तो होता, आकृतीसकट, अकराव्या दाव्यात. नंतर आठवलं म्हणून नवीन गोष्ट अर्जात घुसडता येत नाही. मूळ कागदांत जे लिहिलं त्याच्या आत राहूनच दुरुस्ती करता येते. त्या ३२० रुपयांना आम्ही अजून हसतो. म्हणजे तो हसतो.

मग सगळं त्या बोटभर पट्टीवर आलं. परीक्षकाचं म्हणणं, अडसर घालणं ही तर कुठल्याही मिस्त्रीला सुचणारी गोष्ट. हा मुद्दा पोकळ नाही. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितलं: कारखान्यात काम करता करता होणारी किरकोळ सुधारणा पेटंटला पुरत नाही. लेथवर भांडं धरायच्या सोयीचं १९५१ पासूनचं पेटंट त्यांनी त्या निकालात बाद धरलं. मी तो निकाल तीनदा वाचला आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, न्यायालयाचं बरोबर आहे आणि आपण हरणार.

सुनावणी २०२२ मध्ये व्हिडिओ कॉलवर झाली. मी पानभर मुद्दे इंग्रजीत काढून बसले होते. नियंत्रकांनी मध्येच विचारलं, दोन टप्प्यांची गरजच काय? एकदम खाली आलं तर बिघडतं काय? मी कागद चाळायला लागले. भावाने तोवर ते सात किलोचं डोकं टेबलावरून उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. आपल्या हिंदीत म्हणाला, साहेब, एकदम आलं तर प्लेट माणसावर येते. मग त्याने पाचर मारली. बाही इंचभर आली, आतून ‘खट्’ झालं, थांबली. तो पुढे म्हणाला, सगळ्यांची डोकी लवकर सोडायला बनवलेली आहेत, म्हणून कुणी अडवायचं बघितलं नाही. मी पहिले अडवायचं बघितलं.

नंतर पंधरा दिवसांत जे लेखी म्हणणं द्यायचं असतं, त्यात मी माझे इंग्रजी मुद्दे बाजूला ठेवून हीच दोन वाक्यं इंग्रजीत लिहिली. पहिल्या पुराव्यातलं डोकं एका दणक्यात सोडण्यासाठी आहे, दुसऱ्यातली पाचर आडवी नळी धरण्यासाठी. दोन्ही एकत्र ठेवले तरी पडता पडता थांबण्याची कल्पना त्यांतून निघत नाही. आणि खटका, बाही, पाचर एकमेकांवर अवलंबून काम करतात, आपलं आपलं नाही. पहिला आणि अकरावा मिळून एक दावा केला. २०२३ मध्ये पेटंट मिळालं. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, म्हणजे फेब्रुवारी २०३९ पर्यंत.

तुम्हाला वाटेल गोष्ट गोड झाली. पूर्ण नाही. बिनखटक्याचं डोकं आता कुणीही बनवू शकतो, आणि बनवतात. दोन-तीन वेल्डिंगवाले तेच विकून राहिले आहेत, व्हिडिओ बघूनच. ते काहीही चूक करत नाहीत, ही त्यातली जास्त बोचणारी बाजू. त्यांतल्या दोघांना भावाने बोलावून खटका कसा घालायचा ते दाखवलं. फुकट. मी भांडले. पेटंट मग कशाला घेतलं? तो म्हणतो, ‘त्यांच्या साइटवरही पोरंच आहेत.’ मी म्हणते, आहेत, पण परवाना लेखी हवा, कायदा तोंडी मानत नाही. मसुदा माझ्या पर्समध्ये आहे. गेले आठ महिने तो ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो आहे. आज इथे चारशे माणसांसमोर विचारते आहे, भाऊ, करतोस ना सही?

खांबाआड गेला, बघा.

पेटंट जिवंत ठेवायला दरवर्षी फी भरावी लागते. सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये होते, सातव्यापासून २४००. ती तो स्वतः भरतो, माझ्याकडून घेत नाही. घरपट्टीच्या पावत्यांच्याच फाइलला लावून ठेवतो. येत्या फेब्रुवारीत आठव्या वर्षाची आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली. डोकं आज आणलं आहे, बाहेर लिंबाखाली भावाच्या गाडीच्या डिकीत आहे. ज्यांना बघायचं त्यांनी चहाच्या वेळी बघा. त्याला हातोडा मारायला लावा, आणि हवा तर व्हिडिओही काढा. आता चालतो.